शांग नको, हत्ती चालतील

थोआच्या दुकानात ओळीनं मांडलेल्या संगणकांवर बारा महिने एकच राज्य नांदत होतं, शांगचं. खेळ जुनाच होता, 'साम्राज्य' नावाचा. जगानं तो कधीच अडगळीत टाकला होता, पण दुओंग नदीच्या काठच्या गावांत अजून त्याच्याच पैजा लागायच्या. आधी एक प्राचीन राष्ट्र निवडायचं. मग चार माणसांनिशी बोरं गोळा करायची, हरणं मारायची, लाकूड तोडायचं आणि पोट भरलं की फौज उभी करून शेजाऱ्याची घरं पाडायची. निवडायला इराण होतं, मिसर होतं, यवन होते, रोमन होते, आणखी बरेच होते. दोंग सोई गावचे पुरुष चहाचा ग्लास हातात घेऊन या सगळ्यांचा असा काथ्याकूट करायचे, जणू थोरल्या मुलासाठी स्थळ बघताहेत. कोणाचे धनुर्धारी चपळ, कोणाची तटबंदी पक्की, कोणाचे रथ भारी. आणि तासभर अक्कल पाजळून झाली की सगळे मुकाट्यानं शांग निवडायचे, कारण शांगची माणसं स्वस्त पडतात. दुसऱ्याला एक माणूस उभा करायला जेवढं धान्य लागतं त्यापेक्षा शांगला कमी लागतं. युद्धशास्त्र म्हणतात ते एवढंच.

थोआला या शहाण्यांची कीव यायची नाही, रागच यायचा. नवरा वारल्यावर ती नदीपलीकडच्या 'हा त्राच' नावाच्या गावातून माहेरी परत आली होती आणि आईच्या घराच्या पुढच्या खोलीत तिनं हे दुकान टाकलं होतं. गल्ल्यावर बसल्या बसल्या, एका हातानं नूडल्सच्या पातेल्यात अंडं फोडत, दुसऱ्या हातानं ती गावातल्या कुठल्याही पुरुषाला लोळवायची. तीसुद्धा शांगच खेळायची. पण हे लोक स्वस्त म्हणून खेळायचे आणि ती खेळता येतं म्हणून. हरलेला गडी मग उठता उठता म्हणायचा की माऊस अडकत होता. नाचता येईना अंगण वाकडं! थोआनं किती माऊस बदलले याचा हिशोब तिनं सोडून दिला होता. त्यांची बोटं काही बदलून मिळत नव्हती.

तिचं आणि शांगचं नातं मात्र संगणकाच्याही आधीचं होतं.

दोंग सोईचं दैवत ज्योंग. तीन वर्षांचा होईतो न बोललेलं पोर. आन लोकांचं सैन्य राज्यावर चालून आलंय असं राजाच्या दवंडीवाल्याच्या तोंडून ऐकलं आणि पहिलं वाक्य बोललं ते लोखंडी घोडा मागणारं. गावानं त्याला टोपल्या टोपल्या भात आणि खारवलेली वांगी खाऊ घातली, तो बघता बघता राक्षसाएवढा झाला, लोखंडी काठी मोडली तेव्हा बांबू उपटून लढला आणि शत्रूला पळवून घोड्यासकट आभाळात गेला. चौथ्या महिन्यात, उन्हानं डोकं फुटायची वेळ असते तेव्हा, गाव ही लढाई पुन्हा लढतं. आणि त्यात आनचे सरदार कोण होतं? गावातल्या लहान मुली. अठ्ठावीस मुली, डोक्यावर मुकुट, अंगावर जरीचे झगे, पालखीत बसून गावभर मिरवतात. आपली मुलगी शत्रू व्हावी म्हणून घराघरांत चुरस लागते. ज्या घरची निवडली जाते ते घर डुक्कर कापून गावजेवण घालतं. लढाईच्या दिवशी निशाण तीनदा फिरतं, आन हरतात, तलवारीच्या टोकानं सेनापतीचा मुकुट उतरवला जातो. मुकुट उतरला की शरणागती. मग त्या शरण आलेल्या पोरीला देवळाच्या पटांगणात पहिल्या चटईवर बसवून पोटभर जेवू घालतात. त्या चटईवर एरवी पुरुषच बसतात. बाईमाणसाला तिथं बसायचं तर आधी शत्रू होऊन हरावं लागतं.

अकरा वर्षांची असताना थोआ आनची सेनापती झाली होती. आईनं दोन वर्षं पोसलेलं डुक्कर दिलं होतं. चार दिवस लोकांनी पालखी उचलली, वारा घातला, पाणी पाजलं, आणि पोरीला वाटलं की एवढं सगळं करताहेत म्हणजे आपणच जिंकणार. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तलवारीनं मुकुट उडाला तेव्हा ती भोकाड पसरून रडली. गाव हसून हसून लोळलं. तेव्हापासून तिची ओळखच तशी पडली, आन हरले म्हणून रडलेली थोआ. लग्नात ते निघालं, नवऱ्याच्या दहाव्याला आलेल्या बायकांनीही ते काढलं. ती हसून सोडून द्यायची, पण ते तिला आतून लागायचं, आणि ते लागणं इतक्या वर्षांत कमी झालं नव्हतं.

यंदा उत्सव समितीला सुबुद्धी सुचली की तरुणांना देवळाकडे आणायचं तर 'साम्राज्य'चा सामना ठेवावा. दोंग सोई विरुद्ध हा त्राच, दोन्हीकडे चार-चार खेळाडू, देवासमोरच्या पटांगणात, मोठ्या पडद्यावर. समितीचे अध्यक्ष लिएम काका. पूर्वी ते सहकारी संस्थेचे अध्यक्ष होते. संस्था बुडाली, अध्यक्षपणा तरला. उत्सवाच्या दिवसांत काळी गुंडाळीची टोपी आणि निळा झगा घालून फिरायचे आणि टोपी झोपतानाच उतरवायचे, कदाचित तेव्हाही नाही. गावाच्या संघाचा म्होरक्या लाप, फरशांचा दुकानदार, थोआच्या दुकानातलं नेहमीचं गिऱ्हाईक आणि नेहमीचं हरणारं. संघातला एक जण कोरियाला कामाला गेल्यामुळे चौथी खुर्ची रिकामी होती. आजवर थोआचं नाव कोणी घेतलं नव्हतं. पटांगणात बाई कशी बसणार? पण हा त्राचवाले दरवर्षी सगळीकडे जिंकतात म्हटल्यावर समितीनं नाक मुरडत तिला बोलावलं.

ती खुर्ची थोआला हवी होती. अगदी मनापासून, लाज वाटावी इतकी हवी होती. त्याच पटांगणात, त्याच लोकांसमोर, एकदा तरी रडल्याशिवाय उठायचं होतं. आणि हवी ती वस्तू हातात आल्यावर माणूस गप्प बसतं थोडंच? चहाचा पहिला घोट घेऊन ती हसत म्हणाली, "काका, एवढ्या वर्षांनी पुन्हा मला आनच केलंत म्हणायचं."

लिएम काकांना कळलं नाही. म्हणजे काय, त्यांनी विचारलं. थोआनं सांगून टाकलं की शांग म्हणजेच आन, एकाच चिनी घराण्याची दोन नावं, शाळेत शिकवतात की.

समितीतल्या एका म्हाताऱ्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. गावातले झाडून सगळे पुरुष पंचवीस वर्षं देवाच्या शत्रूच्या बाजूनं लढत होते आणि त्या दिवसापर्यंत कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आता सगळ्यांचं एकदम बिघडलं.

"ज्योंगच्या पटांगणात ज्योंगचं गाव आन होऊन खेळणार?" लिएम काका म्हणाले. "शक्य नाही. दुसरं राष्ट्र निवडा."

मग निवड सुरू झाली. थोआनं आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा पाहिला होता, पण एवढा एका चटईवर बसलेला पाहिला नव्हता. खेळात आपला स्वतःचा देश नाही हे कळल्यावर समितीनं खेळ बनवणाऱ्यांचा निषेध नोंदवला. यामाटो नको, ते जपानी, त्यांच्यामुळे आपल्या आजोबांच्या पिढीनं दुष्काळ पाहिला. रोमन नको, ते फ्रेंचांचे पूर्वज, असं कोणीतरी म्हणालं आणि ते मान्य झालं. चोसन म्हणजे कोरिया. त्यांच्याच कारखान्यांत गावातल्या निम्म्या पोरी कामाला, त्यांच्या बाजूनं लढलो तर पगारवाढ कशी मागणार? एकानं विचारलं की बांबूनं लढणारं राष्ट्र आहे का. लाप म्हणाला, सुरुवातीला सगळ्यांकडे दंडुकेच असतात. त्यावर बराच वेळ गंभीरपणे चर्चा झाली.

शेवटी इराण मिळालं. इराणकडे हत्ती आहेत, आणि दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या देशाच्या दोघी शूर राण्या हत्तीवर बसूनच लढल्या होत्या. त्या राण्यांचा ज्योंगशी काय संबंध आणि इराणशी काय संबंध, हे विचारायचं नव्हतं. मंडळींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

थोआनं समजावून पाहिलं. हत्ती खेळात अगदी शेवटी येतात, तोवर गाव शिल्लक राहत नाही. एका हत्तीला लागणाऱ्या धान्यात आणि सोन्यात निम्मी फौज होते. आणि समोर एखादा पुजारी उभा राहून मंत्र पुटपुटला की हत्ती सरळ त्याचा होतो, रंगसुद्धा बदलतो. लाप मान हलवून म्हणाला की तो कोणतंही राष्ट्र खेळू शकतो. यात खोटं काही नव्हतं; तो कोणतंही राष्ट्र घेऊन हरू शकत होता.

"काका," थोआ म्हणाली, "आपल्याच पोरी दरवर्षी आन होतात ना? माझ्या आईचं डुक्कर गावानं खाल्लं ते कशासाठी?"

"ते वेगळं. तिथं आन हरतो."

असं म्हणून काकांनी तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या, हत्ती घे नाहीतर खुर्ची सोड. थोआ म्हणाली की शांग सोडून तिला दुसरं काही येत नाही आणि हरायचं म्हणून खेळायला ती आता अकरा वर्षांची नाही. मग खुर्ची लापच्या मेहुण्याला गेली, ज्याला माऊस उलटा धरायची सवय होती. निघताना काकांनी तिची समजूतही घातली. मनाला लावून घेऊ नकोस पोरी, लग्न झालेली मुलगी म्हणजे परक्याचं धन, तू तशी आता हा त्राचचीच.

थोआनं ते शब्द जपून ठेवले.

दोनच दिवसांनी नावेतून बाख आला, तिचा धाकटा दीर. हा त्राचच्या संघाचा तो म्होरक्या. दारात चपला काढून बराच वेळ आईच्या गुडघ्यांची चौकशी करत बसला. मग म्हणाला की त्यांचा चौथा गडी मोटरसायकलवरून पडला, मनगट प्लास्टरमध्ये आहे. "वहिनी, तुम्ही अजून आमच्याच घरच्या. दादा असते तर त्यांनीच विचारलं असतं."

"राष्ट्र कोणतं?" थोआनं विचारलं.

बाखला प्रश्नच कळला नाही. "शांग. आणखी कोणतं असतं?"

हा त्राचचा देव सुतारकाम शिकवणारा, त्याचं कोणाशी वैरच नव्हतं. थोआ हो म्हणाली. आई पंख्याजवळच्या स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. बाख गेल्यावर तिनं विचारलं, "कुठल्या गावची म्हणून बसणार आहेस?"

"त्यांची सून म्हणून."

"आणि माझी कोण म्हणून?"

थोआनं बाखचा चहाचा ग्लास उचलून धुवायला घेतला. आई गुडघा चोळत म्हणाली की तिला पुढच्या रांगेत बसायचं आहे, मागून तिला दिसत नाही.

सामन्याच्या दिवशी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. थोआ पलीकडच्या बाकड्यावर निळ्या बाजूला जाऊन बसली तेव्हा गावाला आधी वाटलं की तिची जागा चुकली. मग कळलं. लाप सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

"दांडा तुम्हीच फेकून दिलात, लाप भाऊ," थोआ म्हणाली. "आता नुसतं पातं घेऊन लढा."

लिएम काका धावत आले. तू आता हा त्राचचीच, असं त्यांनीच तिला सांगितलं होतं, त्यामुळे तिच्या बसण्यावर त्यांना बोलता येईना. त्यांनी राष्ट्राला हरकत घेतली; देवासमोर आन चालणार नाही. बाख शांतपणे म्हणाला की काका, आन आल्याशिवाय ज्योंग लढणार कोणाशी. काकांनी ओठ चावला, विचार केला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि गावभरच्या खांबांवरच्या कर्ण्यांतून जाहीर केलं की आन पुन्हा चालून आले आहेत, आणि प्रथेप्रमाणे आज त्यांचा पराभव होईल. टाळ्यांचा कडकडाट झाला. समालोचनही तेच करणार होते. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण अध्यक्षाला त्यानं फरक पडत नाही.

सामना सुरू झाला. तांबड्या बाजूला लाप आणि मंडळी धान्य साठवत होती, सोनं खणत होती, हत्तींचं स्वप्न बघत होती. त्यांच्या सीमेवर एक धड शिपाई नव्हता. थोआची माणसं मुंग्यांसारखी कामाला लागली होती आणि तिची फौज कधीच तयार झाली होती. बाख शेजारून हळूच म्हणाला, वहिनी, आत्ताच संपवून टाकू.

"थांबा," थोआ म्हणाली. "हत्ती येऊ देत."

हे दुष्टपणाचं होतं, तिला माहीत होतं, आणि त्यात तिला आनंद होत होता. चांगुलपणानं या पटांगणात तिला काय मिळालं होतं? ती पुजारी तयार करत बसली. एक, दोन, मग ओळच्या ओळ.

हत्ती आले. पडद्यावर तांबड्या झुलींचे हत्ती डुलत निघाले आणि काका उभे राहिले. त्यांनी दोघी राण्यांचं नाव घेतलं, नद्यांचं घेतलं, पर्वतांचं घेतलं. हत्ती निळ्या सीमेपाशी पोचले. तिथं थोआचे पुजारी हात वर करून उभे होते. मंत्राचा तो लांबलचक हेल पटांगणावरून गेला आणि पहिला हत्ती निळा झाला. मग दुसरा. मग झाडून सगळे. हत्ती वळले आणि ज्या वाटेनं आले होते त्याच वाटेनं परत चालू लागले, लापच्या गावाकडे.

आता काका थांबतील असं थोआला वाटलं. पण काकांना हत्ती दिसत होते, रंग दिसत नव्हता. "आमचे हत्ती, पाहा," ते कर्ण्यातून गर्जत होते, "कोठारं तुडवताहेत, घरं पाडताहेत, शत्रूला पळायला जागा नाही!" म्हाताऱ्या टाळ्या वाजवत होत्या. लापचं कोठार पडलं तेव्हा ढोल वाजला. त्याचं देऊळ पडलं तेव्हा दुप्पट वाजला. तरुण पोरं आधी माना खाली घालून हसत होती, मग हसायचीही थांबली. शेवटी समितीतल्या कोणीतरी काकांची बाही ओढली आणि कानात काहीतरी सांगितलं. कर्णे गावभर एकदम गप्प झाले.

पडद्यावर तांबडं काही उरलं नव्हतं. थोआनं माऊस सोडला. तिला वाटलं होतं की हसू येईल, निदान छातीत काहीतरी मोठं होईल. पण पटांगण तिच्याकडे नुसतं बघत होतं. निशाणवाला निशाण धरून तसाच उभा होता. शेकडो वर्षं चाललेल्या या उत्सवात आन जिंकल्यावर काय करायचं, हे कोणीच ठरवून ठेवलं नव्हतं.

लिएम काका ध्वनिक्षेपक बंद करून तिच्यापाशी आले. आवाज गोड होता. भात निवतोय, म्हाताऱ्या माणसांना भूक लागली आहे, आणि एकदा कर्ण्यांवरून आन आले म्हटल्यावर ते शरण आल्याशिवाय देवाला नैवेद्य दाखवता येत नाही. तिनं फक्त दोन शब्द बोलायचे. मग तिला पहिल्या चटईवर बसवू, बाखच्या मंडळींनाही बसवू. "तुझाच मान आहे तो, पोरी. बस."

थोआनं चटईकडे पाहिलं. नवीन चटई होती. भाताची पातेली, वांग्यांची बरणी, उकडलेल्या डुकराचे काप, सगळं मांडलेलं होतं. तिला तिथं बसायचं होतं. खोटं कशाला बोला, अजूनही बसायचं होतं.

"अकरा वर्षांची होते तेव्हाही मी हरले नव्हते, काका," ती म्हणाली. "मला हरवलं होतं. आज तेवढं करायला तुमच्याकडे माणूस नाही."

ती पुढच्या रांगेत गेली, आईला हात देऊन उठवलं आणि दोघी निघाल्या. गर्दी बाजूला झाली. मागे कर्णे पुन्हा खरखरले. काकांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं की प्रथेप्रमाणे आनचा पराभव झाला असून ग्रामस्थांनी भोजनास बसावं. गल्लीच्या प्रत्येक खांबावरून थोआला तिच्या पराभवाची बातमी मिळत गेली. आई दर खांबापाशी दम खायला थांबायची, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी ती नीट ऐकूही आली.

"वांगी तरी बांधून घ्यायची होतीस," आई म्हणाली.

रस्ताभर थोआला वाटत होतं की आता दुकान बंद करावं लागणार. गावातला कुत्राही इकडे फिरकणार नाही.

गावाला तिनं उगाचच इतका स्वाभिमान बहाल केला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन जरा कललं तशी पोरं येऊ लागली. खाली मान घालून, भिंतीकडे बघत. मग त्यांचे काका-मामा आले. मग लापचा मेहुणा आला आणि त्याच्या पाठीमागे, जणू सहज इकडून चाललो होतो, असा चेहरा करून लाप. कोणी कालचं नाव काढलं नाही. संगणक सुरू झाले. थोआ गल्ल्यावरून एकेक पडदा बघत गेली. राष्ट्रांची यादी उघडली, इराण गेलं, मिसर गेलं, रोम गेलं. शांग. शांग. शांग. लापनं निवडताना एक क्षण दाराकडे पाहिलं एवढंच.

मग दारात लिएम काका उभे राहिले. निळा झगा, काळी टोपी, घामानं डबडबलेले. आज उत्सवाचा शेवटचा दिवस, देवळातून थेट आले होते. सगळी बोटं थांबली. काका म्हणाले की समितीच्या वतीनं पाहणी करायला आलो आहे, उत्सवाच्या दिवसांत भलतंसलतं काही खेळलं तर जात नाही ना. आणि पाहणी करू लागले. लापच्या मागे उभं राहून केली, पोरांच्या मागे उभं राहून केली. पडद्यांवर सगळीकडे आन राबत होते, घरं बांधत होते, बोरं तोडत होते. काकांना काही आक्षेपार्ह आढळलं नाही. पाहणी लांबत गेली. कोपऱ्यातला एक संगणक रिकामा होता, त्यासमोर पंख्याचा वारा चांगला यायचा, तिथं ते जरा टेकले.

थोआ आपल्या जागेवरून हलली नाही.

बऱ्याच वेळानं काकांनी खाकरून हळू आवाजात विचारलं, "थोआ, हे आनचे लोक... स्वस्त पडतात म्हणे?"

"पडतात."

"आणि कालचे ते मंत्रवाले?"

"ते महाग. पण शिकता येतं."

काकांनी मान हलवली. मग मेजावरचे कानाला लावायचे कर्णे उचलले, डोक्यावर चढवून पाहिले. टोपीवरून ते बसेनात. पुढे घसरले, मागे घसरले. काकांनी दोन-तीनदा प्रयत्न केला, इकडे तिकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी टोपी उतरवली. खाली चार पांढरे केस घामानं चिकटलेले होते. टोपी ठेवायला मेजावर जागा नव्हती, चहा सांडलेला होता. त्यांनी ती थोआपुढे धरली.

थोआ उठली. वडीलधाऱ्यांची वस्तू घ्यावी तशी तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. टोपी आतून ओली आणि गरम होती, आणि वाटली होती त्यापेक्षा फारच हलकी. काकांनी पडद्याकडे तोंड केलं, जाडजूड बोटानं यादी खाली सरकवली आणि शांग निवडलं. थोआ टोपी हातात धरून तशीच उभी राहिली. 

पंख्याजवळच्या स्टुलावरून आई हे सगळं बघत होती.

"उतरला ना मुकुट?" ती म्हणाली. "मग आता जेवायला वाढ त्यांना. प्रथा आहे."

थोआनं टोपी गल्ल्यावर ठेवली, पातेलं चढवलं आणि काकांच्या नूडल्समध्ये दोन अंडी फोडली.